मांडीखालचे हात

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते साचत जातात. परळीत आमच्या खिडकीच्या कठड्यावर औष्णिक वीजकेंद्राची राख साचते, तसे. सकाळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि संध्याकाळी त्याच जागी बोटाने बाराखडी लिहिता यावी! गेली नऊ वर्षे महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी मी मानसोपचाराच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर बसत आले आहे. समोरच्या रांगेत नंबराची वाट पाहणारे रुग्ण, इकडे आम्ही नातेवाईक. त्या बाकावर इतके काही साचले आहे, की आता ते पुसण्यापेक्षा लिहून काढलेले बरे.

बाकावरचे आम्ही कायमचे चौघे. भीमराव, थर्मलमधून निवृत्त झालेले ऑपरेटर. त्यांचा रुग्ण म्हणजे मुलगा मिलिंद. शिवलिंगअप्पा, गावभागातले किराणा दुकानदार. त्यांची पत्नी पार्वतीबाई. कलावती, जवळच्या खेड्यातून एसटीने येणारी. तिचा नवरा ज्ञानोबा. आणि मी, धर्मापुरीच्या शाळेत अडतीस वर्षे मराठी शिकवलेली. माझी मुलगी सुजाता.

सुजाताचे आधी सांगते. त्याशिवाय बाकीच्यांचे हसू तुम्हांला कळेल, पण रडू कळणार नाही.

ती एम.एस्सी. झाली, ज्युनिअर कॉलेजात लागली. दुसऱ्या वर्षी एके दिवशी प्रश्न विचारल्यावर वर्गातल्या मुलांनी हात वर केले आणि ही खडू टाकून पळत घरी आली. "आई, सगळ्यांनी मिळून ठरवलंय," एवढेच म्हणाली. तेव्हापासून तिला प्रत्येक हात बोलताना दिसतो. मी कानामागे केस सारले, की तिचा चेहरा पांढरा पडतो. "मला जा म्हणतेस?" मी भाकरी थापू लागले, की ती दारातून थापा मोजते. "नऊ वेळा. म्हणजे नाही."

"कशाला नाही, बाळा?" मी एकदा विचारले.

"ते तुला माहीत आहे."

आमच्या घरात माझ्या आणि तिच्यामध्ये कायम एका हाताहून अधिक अंतर असते. ताट मी उंबऱ्यावर ठेवते आणि मागे सरकते. मग ती उचलते. नऊ वर्षांत मी तिच्या केसांना तेल लावलेले नाही. तिचे लग्न व्हावे, नोकरी पुन्हा मिळावी, असल्या अपेक्षा मी केव्हाच सोडल्या. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ बसता यावे, एवढे एकच मागणे उरले आहे.

आमच्या डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा आहेत, पण समजावून सांगण्याची हातोटी उत्तम. एकदा बाहेर बाकाशी येऊन त्या म्हणाल्या, "बाई, समोरच्याचा हात हलला, की आपला मेंदू क्षणात निवड करतो. हा हात माझ्याशी बोलतोय, आणि हा नुसता डोकं खाजवतोय. आपल्याला ती निवड झालेली कळतसुद्धा नाही. सुजाताच्या मेंदूत नेमकी तीच होत नाही."

बाकावर बसलेल्या अप्पांनी मान डोलावली. "म्हंजी गावाचं समदं टपाल हिच्या एकटीच्याच पत्त्यावर!"

इतके नेमके वाक्य मी अडतीस वर्षांत एकाही उत्तरपत्रिकेत वाचले नाही.

\*

कलावतीच्या ज्ञानोबाचा आजार त्याच जातीचा. एका बुधवारी दोघे एसटी स्टँडवरून चालत दवाखान्याकडे निघाले. चौकात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. ट्रॅफिकच्या हवालदाराने ट्रॅक्टर थांबवण्यासाठी हात दाखवला, आणि रस्त्याच्या कडेने चाललेला ज्ञानोबा जागच्या जागी उभा राहिला.

ट्रॅक्टर गेले. मोटारसायकली गेल्या. शेळ्यांचा कळपसुद्धा गेला. ज्ञानोबा उभाच! कलावतीने ओढले, विनवले, शिव्या घातल्या. तो एकच सांगे, "सायबानं थांब म्हनलंय."

इकडे साहेब चहाला निघून गेले होते.

शेवटी कलावती हॉटेलात शिरली. "सायेब, आमच्या मालकाला सोडा."

"मी कुठं धरलंय बाई त्याला?"

"हात न्हाई का दाखीवला तुमी? आता जा म्हना!"

हवालदार अर्धा चहा ठेवून चौकात आला, आपल्या जागी उभा राहिला आणि त्याने रीतसर हात हलवला. ज्ञानोबा निघाला.

हवालदार पाहतच राहिला. मग कलावतीला म्हणाला, "मावशे, सतरा वर्सं झाली ड्युटी करतोय. माझा हात बघून थांबलेला हा पहिलाच मानूस!"

\*

भीमरावांच्या मिलिंदचे उलटे. त्याला हात दिसतो, कळतोही. पण त्याचा स्वतःचा हात निघत नाही. चहाचा ग्लास उचलला, की तो अर्ध्या वाटेत थांबतो. चहा गार होतो, सायीची सुरकुती पडते, ग्लास तिथेच.

"आमच्या कंट्रोल रूममधी युनिट ट्रिप हुऊन बंद पडलं तर बरं हुतं," भीमराव म्हणतात. "कुटं अडलंय ते दिवा लागून कळायचं. ह्याला दिवाच न्हाई."

डॉक्टरांनी मार्ग सुचवला: सांगू नका, करून दाखवा. भीमरावांनी आपला ग्लास तोंडाला लावला, आणि काय आश्चर्य, मिलिंदचा ग्लासही वर गेला! त्या दिवशी भीमरावांनी बाकावरच्या सगळ्यांना जयभीम करून पेढे वाटले.

पण भीमरावांना शुगर. मुलगा चार वेळा चहा पिणार, चार वेळा जेवणार. तितके बापानेही खायचे, म्हणजे झालेच! तेव्हा त्यांनी युक्ती केली. रिकामा ग्लास तोंडाला लावायचा आणि नुसते प्यायल्यासारखे करायचे.

मिलिंदनेही ग्लास ओठांना लावला, मान मागे केली, आणि भरलेला ग्लास तसाच खाली ठेवला. घोट घेतला नाही. बापाने घेतला नव्हता ना!

"बाई, पोरगं लई बारीक बघतंय हो," भीमराव सांगत होते. "प्यालो तर शुगरचे डॉक्टर मला रागावतेत, न्हाई प्यालो तर त्याच्या पोटात काई जात न्हाई." सांगता सांगता त्यांचे डोळे भरले, त्यांनी बाहीने पुसले. शेजारी बसलेल्या मिलिंदनेही बाही उचलली आणि आपले कोरडे डोळे पुसले.

मी हळूच विचारले, "त्याला वाईट वाटले असेल का हो?"

भीमरावांनी मुलाचा हात धरून खाली घेतला. "न्हाई, बाई. नुसता हात गेला."

\*

अप्पांच्या पार्वतीबाई बोलायला अगदी सालस. एका सोमवारी दुकानात भर गर्दी असताना त्या आतून आल्या, त्यांनी अप्पांच्या कानशिलात लगावली आणि शांतपणे म्हणाल्या, "म्या न्हाई मारलं. हातानं मारलं."

गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. एकाने तर म्हणे सुतळीचा गुंडा उलट्या बाजूने तपासायला घेतला!

अप्पांनी डॉक्टरांना विचारले, "ही खोटं बोलती का खरं?"

"खरं बोलतात," डॉक्टर म्हणाल्या. "आपण हात हलवतो ना, तेव्हा मेंदू स्वतःलाच आधी वर्दी देतो, की हे मीच करतोय. त्यांच्या मेंदूत ती वर्दी पोहोचत नाही. म्हणून त्यांना वाटतं, हात कुणीतरी दुसरंच हलवतंय. ह्या वर्दीमुळेच तर आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत."

डॉक्टर आत गेल्या. मग अप्पांनी हळूच स्वतःच्या बरगडीत बोट घातले. भीमरावांनी चप्पल काढून तळपाय धरला. कलावतीने पदराआड काखेत हात नेला. मी समाजातली एक जबाबदार व्यक्ती आहे. मी फक्त तळहात करून पाहिला. कोणालाही हसू येईना, म्हणून प्रत्येकाने अधिक जोराने प्रयत्न चालवले. तेवढ्यात केसपेपर वाटणारा शिपाई आला. आम्हां चौघांकडे त्याने एकदा नीट पाहिले, चार कोरे केसपेपर काढले आणि म्हणाला, "नवीन पेशंट हिकडं न्हाई. पलीकडच्या रांगेत!"

पुढच्या महिन्यात अप्पा आले, ते बाकाच्या टोकाला जाऊन बसले. विचारले, तेव्हा म्हणाले, "दुपारी दुकान बंद करून घरात गेलतो. आतल्या खोलीतून हसायचा आवाज. दाराच्या फटीतून बघितलं. एकटीच बसलीय, आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या करतीय, आन् हसतीय. खदाखदा."

"मग?"

"मग काय. लग्नाला बेचाळीस वर्सं झाली. इतकं हसवनं मला कदी जमलं न्हाई, बाई. आत जायाची हिंमतच झाली न्हाई."

\*

आता नियमाचा किस्सा. तो माझाच आहे, तेव्हा दोषही माझा.

आमच्याकडची माणसे हातांशिवाय बोलू शकत नाहीत. एकदा भीमराव बॉयलरचा कुठलासा जुना प्रसंग दोन्ही हातांनी रंगवून सांगत होते. समोरच्या रांगेत सुजाता होती. तिने दोन मिनिटे पाहिले, उठली आणि थेट रस्त्यावर पळाली. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली.

त्या दिवशी मी नियम केला: बाकावर बसलेल्या प्रत्येकाने दोन्ही हात मांडीखाली ठेवायचे.

"बाई, हात दाबले तर माझं तोंडच चालत न्हाई," भीमराव म्हणाले.

"मग तोंडालाही विश्रांती द्या," मी म्हणाले.

नियम बसवणे हे माझे आयुष्यभराचे काम. तीन महिन्यांत तो इतका अंगवळणी पडला, की नवीन आलेले नातेवाईकही न विचारता हातांवर बसू लागले. पुढे एक मोठे अधिकारी पाहणीला आले. त्यांनी आम्हां सगळ्यांना एकत्र बसवून आजाऱ्यांच्या सेवेवर अर्धा तास भाषण केले. भाषण चांगले होते. शेवटी त्यांनी हात जोडले आणि थांबले.

टाळी वाजली नाही.

ते थोडे हसले, पुन्हा थांबले. बावीस माणसे, चव्वेचाळीस हात, सगळे मांडीखाली! कलावती तर भारावून रडत होती, आणि तिचे नाक गळत होते, तरी तिने हात काढला नाही.

अधिकारी डॉक्टरांकडे वळून पुटपुटले, "नातेवाईकांची अवस्थाही गंभीर दिसते."

\*

ज्ञानोबा गेल्या उन्हाळ्यात गेला. परळी स्टेशनवर.

नांदेडला पाहुण्यांकडे निघाले होते. कलावती तिकिटाच्या खिडकीशी होती. पलीकडच्या फलाटावर एक गृहस्थ जिन्याकडून येणाऱ्या आपल्या बायकोला हाताने बोलावत होता: ये, लवकर ये. ज्ञानोबाने तो हात पाहिला. तो पुलावरून गेला नाही, सरळ रुळांवरून गेला.

तो गृहस्थ नंतर पोलिसांना, हमालांना, भेटेल त्याला सांगत राहिला, "मी त्याला न्हाई बोलावलं हो! मी माझ्या बायकोला बोलावलं!" त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. कोणी त्याला खोटे म्हटलेही नव्हते.

आम्ही तिघे भेटायला गेलो. ओसरीवर बायका जमल्या होत्या. एकेक येऊन कलावतीच्या गळ्यात पडत होती, आक्रोश करत होती. कलावती ताठ बसलेली. हात मांडीखाली.

तिची आत्या वैतागली. "अगं काढ की ते हात भाईर! काऊन दाबून बसलीस? आता कुनाचं भ्या हाय?"

कलावतीने माझ्याकडे पाहिले. वर्गात उत्तर येत नसलेली मुलगी पाहते, तसे.

"काढून कुटं ठिवू, बाई?"

अडतीस वर्षांत मी मुलांच्या कोणत्याही प्रश्नाला "माहीत नाही" असे उत्तर दिले नव्हते. त्या दिवशीही दिले नाही. उठून एसटीकडे निघाले.

\*

इतके करून माझ्या घरात काय साधले? ऐका.

बाकावरचा नियम मी घरीही पाळत होते. सुजाता समोर असली, की हात शालीखाली. आरशासमोर बसून मी हात न हलवता बोलण्याचा सराव करी. भाकरी ती झोपलेली असताना थापून ठेवी. चार वर्षे! अंतर मात्र बोटभरही कमी होईना.

एका सकाळी मी सरळच विचारले, "सुजाता, आता तर माझे हात तुला दिसतही नाहीत. मग जवळ का येत नाहीस?"

तिने माझ्या शालीकडे बोट दाखवले. तिचा स्वर अगदी समजावणीचा होता. तीही शिक्षिकाच ना!

"आई, उघडा हात निदान काय म्हणतो ते कळतं. लपवलेला हात काय म्हणत असेल, ह्याचाच मला दिवसभर विचार करावा लागतो."

मला मागचे सगळे बुधवार आठवले. बाकावर बसलेले बावीस जण, आणि समोर त्यांच्याकडे पाहणारी त्यांची आजारी माणसे.

पुढच्या बुधवारी मी बाकासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माझा नियम चुकला होता. हात बाहेर काढा." कोणी काढेना. सवय! अप्पांनी प्रयत्न केला, बाहेर काढले, थोडा वेळ गुडघ्यांवर ठेवले, आणि म्हणाले, "उघडं उघडं वाटतंय हो, बाई." पुन्हा मांडीखाली.

\*

हा यंदाचा.

मोरीत पाय घसरला. पुढे पडले, दोन्ही हात टेकले. दोन्ही मनगटे मोडली. हाडांच्या डॉक्टरांनी कोपरांपर्यंत प्लास्टर केले आणि दोन्ही हात गळ्यात बांधून छातीशी ठेवले. फक्त बोटांची टोके बाहेर. "बोटं हलवत राहायची, नाहीतर आखडतील," त्यांनी बजावले.

भीमराव मला रिक्षाने घरी सोडून गेले. दुपारी शेजारणीने समोर ताट आणून ठेवले आणि चमचा शोधायला ती आपल्या घरी गेली. सुजाता दारात उभी होती. तिने प्लास्टरकडे पाहिले. एका बाजूने पाहिले, मग दुसऱ्या बाजूने. पंधरा मिनिटे तरी पाहत होती. मी बोटसुद्धा हलवले नाही.

मग ती आत आली. उंबरा ओलांडून, चटईवर, माझ्या शेजारी. भाकरी कुस्करली, वरणात कालवली आणि पहिला घास माझ्या तोंडाशी धरला.

"आई," ती म्हणाली, "तू आता बरी झालीस."

सहा आठवडे तिने मला भरवले. माझे केस विंचरले, वेणी घातली. पातळ, पांढरी, घट्ट वेणी. माझ्या खांद्याला टेकून तिने जुनी मासिके मोठ्याने वाचली, आणि तिचा उच्चार अजून किती स्वच्छ आहे, हे मला कळले. शेजारीण चमचा घेऊन येई, आणि दारातूनच परत जाई. एकदा माझ्या नकळत करंगळी हलली, तेव्हा सुजाता घास हातात धरून थांबली. ती थोड्या वेळाने म्हणाली, "नको ना." त्यानंतर करंगळी हलली नाही.

सातव्या आठवड्यात प्लास्टर काढायची तारीख आली. सुजाता बरोबर होती. दवाखान्याच्या बाकावर माझ्या अंगाला अंग लावून बसली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि त्यांना आनंद झाला.

"वा, बाई! ह्या वयात इतकी सुरेख जुळलेली हाडं मी पाहिली नाहीत. पण बोटं का आखडलीत? व्यायाम केला नाहीत?"

त्यांनी प्लास्टर कापायचे यंत्र सुरू केले. सुजाताने माझा दंड धरला.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "दुखते आहे."

त्यांनी यंत्र बंद केले. "कुठं?"

"डावीकडे."

"आणि उजवीकडे?"

"तिकडेही."

त्यांनी पुन्हा एक्स-रे पाहिला. माझ्याकडे पाहिले. माझ्या दंडावरच्या हाताकडे पाहिले. मग यंत्र खाली ठेवून, जरा हळू आवाजात विचारले, "बाई, अजून किती दिवस ठेवायचं म्हणता?"

"जास्तीत जास्त किती देता येतील?"